मुठा कालवा मुलांसोबत: चालत नाही, ओलांडत

रविवार, २ नोव्हेंबर. तयारी

खडकवासल्याहून निघून पुण्यातून हडपसर, लोणी, यवतकडे जाणारा मुठा उजवा कालवा मुलांना इतिहासासकट दाखवायचा, असं घरात ठरलं आहे. मंडळी अशी: माझी थोरली (सहावीत), धाकटा (पहिलीत), भाची (आठवीत, नकाशे आणि फोटो तिच्याकडे) आणि आई, म्हणजे मुलांची आजी. आईचं माहेर यवतजवळ, याच कालव्याच्या पाण्यावर. नोंदी अशासाठी ठेवते आहे की पुण्यातल्या दुसऱ्या कुणाला हे करायचं असेल तर आमचे वाया गेलेले रविवार त्यांचे जाऊ नयेत.

आज नकाशे जमवले. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावरून पुण्याचा नकाशा उतरवून घेतला आणि दुकानात मोठ्या कागदावर छापून आणला, १४० रुपये. पहिली छपाई काळी-पांढरी घेतली होती. तीत कालवा, ओढे आणि समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) सगळं एकाच रंगाचं, काही कळेना, म्हणून रंगीत पुन्हा छापावी लागली. निळी रेघ दिसलीच पाहिजे, तिथे पैसे वाचवू नका.

रंगीत नकाशावर भाचीने बोट ठेवून सांगितलं, "मावशी, नदी सरळ खाली जाते आणि हा डोंगराला चिकटून चालतो." खरं आहे. नदी शहरातून खाली उतरत जाते, कालवा मात्र समोच्च रेषांच्या कडेकडेने जातो. म्हणून तो प्रत्येक टेकडीला वळसा घालतो. कोणतीही सनावळी सांगण्याआधी मुलांना हे एवढं दिसलं की पुढचं सोपं जातं.

मी कार्यपत्रिका करून ठेवली होती: सन, अधिकारी, लांबी, रिकाम्या जागा भरा. थोरलीने ती उलटी करून मागच्या कोऱ्या बाजूवर मांजर काढलं. पत्रिका रद्द. त्याऐवजी प्रत्येकाला एकेक काम: धाकट्याने पूल मोजायचे, थोरलीने "पाणी कुठून आत येतं, कुठून बाहेर जातं" हे शोधायचं, भाचीने नकाशा.

सुरक्षेचे नियम फ्रिजवर लावले. काठाला जायचं नाही, कठड्यावर चढायचं नाही, वाहत्या कालव्यात हात-पाय घालायचे नाहीत. कालव्याच्या आतून बसवलेल्या अस्तराचा उतार शेवाळाने इतका निसरडा असतो की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. हे मुलांना गोड शब्दांत नाही, असंच सांगितलं.

रविवार, ९ नोव्हेंबर. खडकवासला

सकाळी लवकर पोचलो म्हणून बरं झालं. दहानंतर चौपाटीवर मक्याची कणसं आणि भज्यांच्या गाड्यांपुढे इतिहासाचं काही चालत नाही.

धरणाच्या भिंतीवर जाता येत नाही. कालव्याचं पाणी धरणातून जिथे सुटतं तिथेही सामान्य माणसाला प्रवेश नाही, आणि हे आम्हाला पहाऱ्यावरच्या माणसाने परत पाठवल्यावर कळलं. त्यात सकाळचा निम्मा वेळ गेला. तुम्ही थेट पुढे या आणि सिंहगड रस्त्याच्या बाजूने कालवा जिथे पहिल्यांदा पुलाखालून दिसतो तिथे थांबा. धरण लांबून दिसतं तेवढं पुरे.

थांबल्यावर सांगितलं ते एवढंच. ही दगडी भिंत १८७० च्या दशकातली, काम १८७९ मध्ये पुरं झालं. पाहणी कर्नल फाइफ या इंग्रज अभियंत्याची, म्हणून जलाशयाचं त्या काळचं नाव लेक फाइफ. भिंतीच्या दोन अंगांनी दोन कालवे निघाले: उजवा सुमारे ११२ किलोमीटर, डावा सुमारे २९. पाणी दोन कामांसाठी होतं, पुणे शहर आणि लष्कराला प्यायला, आणि पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यातल्या शेतीला. ही दोन कामं एकाच पाण्यावर आजही भांडतात. दर वर्षी कालवा सल्लागार समितीची (पाणी कुणाला किती ते ठरवणारी) बैठक जवळ आली की वर्तमानपत्र उघडा, तोच वाद.

धाकट्याचा प्रश्न: "धरणात किती पाणी आहे?" १.९७ टीएमसी म्हणून सांगितलं तर कुणालाच काही समजलं नाही, मलाही नाही. याचा हिशेब पुढे यवतला सुटला, तिथे लिहिते.

विश्वेश्वरय्यांची दारं मुलांना सगळ्यात आवडली. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून शिकून बाहेर पडलेले हे अभियंते. त्यांनी १९०३ मध्ये खडकवासल्याच्या सांडव्यावर, म्हणजे जास्तीचं पाणी बाहेर पडतं त्या भागावर, आपोआप उघडणारी दारं बसवली. पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेलं की दार स्वतः उघडायचं, पाणी उतरलं की मिटायचं. भिंत उंच न करता धरणात जास्त पाणी मावायला लागलं. "माणूस नको?" असं थोरलीने तीनदा विचारलं.

घरी आल्यावर बुटांच्या खोक्यात तसं दार करून पाहिलं. पुठ्ठ्याचं दार पाण्याने पहिल्या पाच मिनिटांत लगदा झालं. मग प्लास्टिकच्या फाइलचा तुकडा वरून तारेवर अडकवला. ते उघडलं, पण मिटेना. मागच्या बाजूला बाटलीची झाकणं चिकटवून वजन वाढवत नेलं तेव्हा कुठे मिटायला लागलं. आमचं दार विश्वेश्वरय्यांच्या दारासारखं नाही, पण वजन आणि पाणी एकमेकांना तोलतात हे मुलांच्या हाताला समजलं. बाथरूम पुसायला पाऊण तास.

रविवार, १६ नोव्हेंबर. चालण्याचा बेत फसला

मूळ बेत असा होता की कालव्याच्या काठाने तुकड्यातुकड्यांनी चालत जायचं. धायरीच्या बाजूने सुरुवात केली. पहिला अर्धा किलोमीटर छान: बाभळी, खंड्या पक्षी, एक म्हैस. पुढे काठाची वाट कुठे कुंपणाने बंद, कुठे राडारोडा टाकलेला, कुठे घरांची मागची दारं थेट वाटेवर उघडणारी. लोकांच्या मोरीतून आणि वाळत घातलेल्या कपड्यांतून इतिहास बघत जाणं आम्हालाच अवघड वाटलं. वास तर होताच. धाकटा रडायला लागला, त्याला उचलून घेतलं, आणि मुख्य रस्त्याला लागायला कुठून वाट आहे ते सापडेना. शेवटी रिक्षाने घरी, १८० रुपये.

नुसती गैरसोय झाली असती तर आणखी एक प्रयत्न केला असता. खरी अडचण वेगळी आहे. कालवा काठाने चालताना सगळीकडे सारखाच दिसतो. पाणी, अस्तर, पाणी, अस्तर. त्याच्यात काही घडतं ते दुसरी वाट त्याला आडवी येते तिथे. ओढा आडवा आला की अभियंत्याला काहीतरी ठरवावं लागलं. रस्ता आला की पूल बांधावा लागला. शेत आलं की दार काढावं लागलं. म्हणून रिक्षात बसल्या बसल्याच बेत बदलला: काठाने चालायचं नाही, ओलांडायच्या जागा शोधायच्या आणि प्रत्येक जागी दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. हे वळण नसतं तर प्रकल्प इथेच संपला असता. भाचीने संध्याकाळी नकाशावर निळी रेघ कुठे कुठे तुटते किंवा दुसरी रेघ तिला छेदते तिथे लाल टिकल्या लावल्या. टिकल्या आजीच्या.

रविवार, २३ नोव्हेंबर. पर्वती आणि आंबिल ओढा

नव्या पद्धतीचा पहिला दिवस. आधी पर्वती चढलो, १०३ पायऱ्या, धाकट्याने मोजून खात्री केली (त्याच्या मोजणीत ९८ आल्या, दुसऱ्यांदा १०६; आम्ही पाटीवर विश्वास ठेवला). वरून पाहिलं की कालवा टेकडीचा पायथा धरून कसा वळतो ते कळतं. नदी तिथून बरीच खाली आणि लांब. "कालवा अजून वरच आहे आणि नदी खाली गेली," हे थोरलीचं वाक्य मी तसंच लिहून ठेवलं आहे. खडकवासल्याला दोघं एकाच धरणातून निघाले होते.

खाली उतरून आंबिल ओढ्याची जागा. कात्रजच्या बाजूने येणारा हा ओढा मुठेला मिळायला जातो, आणि वाटेत त्याला कालवा आडवा येतो. कालवा वरून, ओढा खालून. पाण्याचा पूल पाण्यावरून, ही कल्पना धाकट्याला इतकी भारी वाटली की बाकीचे पूल मोजायचं तो विसरला. अशा बांधकामाला जलसेतू म्हणतात. ओढा मोठा आणि खोल असेल तर कालवा वरून नेतात. ओढा उथळ आणि कालव्याच्याच पातळीला असेल तर निराळ्या युक्त्या. मुलांना पुलावरून उभं राहून "कोण वर, कोण खाली" एवढंच ओळखायला लावा.

पावसाळ्यात ही जागा बघायची नाही. हा ओढा शांत दिसतो, पण सप्टेंबर २०१९ मधल्या एका रात्रीच्या पावसाने त्याच्या काठच्या वस्त्यांचं काय केलं ते पुणेकर विसरलेले नाहीत.

तिथून जवळच २७ सप्टेंबर २०१८ ला कालव्याची भिंत फुटली आणि पाणी दांडेकर पुलाकडच्या वस्तीत शिरलं. भराव घुशी, उंदीर आणि खेकड्यांनी पोखरला, असं तेव्हा सांगण्यात आलं, आणि त्यावरून भरपूर थट्टा झाली. मी मुलांना थट्टा सांगितली नाही. मातीचा भराव, त्याच्या आत बिळं, बिळातून पाझर, पाझराबरोबर माती वाहून जाणं, हे खरोखर घडतं. मातीच्या बंधाऱ्यांचा तो जुना शत्रू आहे. दीडशे वर्षांचा भराव, दोन्ही बाजूंनी वस्ती, वर केबलसाठी खणलेले चर. मग एकटा खेकडाच दोषी का, हा प्रश्न भाचीने स्वतःहून विचारला.

एक सूचना: ज्यांच्या घरात ते पाणी शिरलं होतं ती माणसं तिथेच राहतात. कॅमेरे घेऊन "कुठे फुटला होता?" असं ओरडत फिरू नका. आम्ही चहा घेतला, चहावाल्यांनी आपणहून बोट दाखवलं आणि पाणी कुठवर आलं होतं ते भिंतीवर हाताने दाखवलं. धाकट्याच्या डोक्याच्या कितीतरी वर.

रविवार, ३० नोव्हेंबर. लेव्हलची नळी

आता मुलांचा प्रश्न उभा राहिला की एवढ्या लांब, इतका मंद उतार त्या काळात जमवला कसा. मातीच्या कालव्याचा उतार साधारण हजारो मीटरला एक मीटर इतका असतो. जास्त दिला तर पाणी तळ आणि काठ खरवडतं, कमी दिला तर गाळ साचतो.

आधी मोबाइलवर उंची दाखवणारं ॲप वापरून पाहिलं. एकाच पायरीवर उभं राहून आकडा दहा-बारा मीटर वर-खाली होत होता. अर्धा तास फुकट. सोडून दिलं.

मग गवंडी वापरतात तशी पारदर्शक नळी आणली, १० मीटर, १६० रुपये. दोन्ही टोकांतलं पाणी नेहमी एकाच पातळीला राहतं, बस्स. पण पहिल्या तासाभरात एकही मोजमाप जुळलं नाही. कारणं क्रमाने सापडली:

पाणी नळाखाली धरून ओतलं होतं, त्यामुळे नळीत हवेचे बुडबुडे अडकले. बुडबुडा असेल तर दोन टोकांची पातळी खोटी बोलते. उपाय: बादली उंचावर ठेवायची, नळीचं एक टोक तिच्यात बुडवायचं, दुसऱ्या टोकाने ओढून पाणी सुरू करायचं आणि बुडबुडे निघून जाईपर्यंत वाहू द्यायचं.

पाणी दिसावं म्हणून हळद घातली. ती तळाशी बसली आणि नळी कायमची पिवळी झाली. शाईचे दोन थेंब पुरतात.

पाणी सांडू नये म्हणून धाकटा टोकावर अंगठा ठेवत होता आणि आम्ही वाचतानाही काढत नव्हता. टोक बंद असेल तर पातळी हलतच नाही. हे शोधायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण तो अंगठा लपवून ठेवत होता.

एकदा जमल्यावर मात्र सोसायटीच्या वाहनतळाचा उतार, जिन्याची पायरी, गच्चीतला पाणी साचणारा कोपरा, सगळं मोजून झालं. गच्चीचा उतार नळाच्या उलट दिशेला आहे हे सिद्ध झालं. सोसायटीच्या सचिवांना ते फारसं आवडलं नाही.

रविवार, ७ डिसेंबर. छोटा कालवा, पहिला आणि दुसरा

इमारतीच्या मागे मोकळी उताराची जागा आहे, तिथे खुरप्याने कालवा खणायचा. वर बादली हे धरण, खाली कुंडी हे शेत. कुंडी उताराच्या थेट खाली नाही, बाजूला ठेवली. इथेच गंमत आहे.

पहिला कालवा मुलांनी सरळ रेघेत कुंडीकडे खणला. पाणी धावलं, मध्येच काठ फोडून खाली गेलं.

दुसऱ्या वेळी नळी लावून, दर मीटरला अर्धा सेंटिमीटर खाली अशा खुणा रोवत गेलो. खुणांची रांग सरळ येईना. मातीचा उंचवटा आला तिथे ती आपोआप वळली. थोरलीला वाटलं आपलं चुकतंय, म्हणून तिने दोन खुणा उपटून सरळ लावल्या, आणि पाणी बरोबर तिथेच थांबलं. मग नकाशा आणून शेजारी ठेवला. पर्वतीजवळची वळणं तिला आता चुकल्यासारखी दिसत नव्हती.

वळणं जमली, पण कुंडीपर्यंत पाणी तरीही पोचलं नाही. पूर्ण बादली ओतली, सगळी मातीत मुरली. प्लास्टिकचा कागद अंथरल्यावर पोचली, पण भाची म्हणाली ही लबाडी आहे, १८७० मध्ये प्लास्टिक कुठे होतं? तिचं बरोबर आहे. प्रश्न यवतपर्यंत पुढे ढकलला.

रविवार, १४ डिसेंबर. आजीची नोंद

आईला बोलतं करायचा आधीचा प्रयत्न साफ पडला होता. फोन समोर ठेवून "आजी, कालव्याबद्दल सांग" म्हटलं की ती दोन वाक्यांत संपवायची. आज तिच्यासमोर नकाशा पसरला आणि गावाची जागा विचारली. तासभर थांबली नाही.

१२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं आणि त्याच दिवशी खडकवासल्याची भिंतही गेली. पुण्यातल्या पुराच्या आठवणी सगळ्यांनी ऐकल्या आहेत: लकडी पूल, नारायण पेठ, शनिवार पेठ. आईची आठवण उलट बाजूची आहे. ती तेव्हा शाळकरी, यवतकडे. "पुणं बुडालं म्हणून रेडिओवर सांगत होते आणि आमच्या पाटाला थेंब नव्हता," ती म्हणाली. धरणच रिकामं झालं, मग कालव्यात येणार कुठून? त्या पट्ट्यात पाऊस तसाही बेताचा. उभा ऊस वाळताना बघून आजोबा बांधावर नुसते बसून असायचे. पुण्यातल्या लोकांनाही तेव्हा नळाला पाणी नव्हतं. जुन्या विहिरी आणि हौद पुन्हा कामाला आले.

थोरलीने विचारलं, "म्हणजे पाणी जास्त झालं म्हणून पाणी गेलं?" आजी म्हणाली, "हो गं, तसंच."

ध्वनिमुद्रण भाचीने केलं. पंखा चालू होता, त्यामुळे निम्मं ऐकू येत नाही. पंखा बंद करा, आणि फोन टेबलावर ठेवू नका, उशीवर ठेवा.

रविवार, २१ डिसेंबर. गायब झालेला कालवा

डाव्या कालव्याचा दिवस. हा शहराच्या दुसऱ्या बाजूने, वारजे, कर्वेनगर, एरंडवण्याच्या अंगाने जायचा. आता तिथे पाणी नाही, नाव उरलं आहे: कॅनॉल रोड.

सायकली काढल्या. मुलांना आधी काहीच सांगितलं नाही, फक्त रस्त्यांचा नकाशा दिला आणि म्हटलं, बाकीच्या रस्त्यांसारखा न वागणारा रस्ता शोधा. आजूबाजूचे रस्ते एकमेकांना काटकोनात, आणि मधूनच एक रस्ता संथपणे वळत जातो, चढत नाही, उतरत नाही. धाकट्याला पायडल मारताना कळलं: "इथे दमायला होत नाही." समोच्च रेषेवरून चालणाऱ्या रस्त्याची याहून चांगली परीक्षा मला सुचली नसती.

या दिवशी काहीच बिघडलं नाही. तासाभरात परत. लहान मुलं असतील त्यांनी प्रकल्पाची सुरुवात इथून करावी, खडकवासल्याहून नाही. रविवारी सकाळी आठच्या आत, नंतर रहदारी.

शनिवार-रविवार, २७-२८ डिसेंबर. यवत

रब्बीचं आवर्तन, म्हणजे शेतीसाठी कालव्याला ठरावीक दिवस सोडलेलं पाणी, सुरू असल्याचं आईच्या माहेरहून मामांनी कळवलं म्हणून गेलो. आवर्तन नसताना जाऊ नका, कोरडी चारी (शेतांकडे जाणारा लहान पाट) बघून मुलं हिरमुसतात. दौंडच्या गाडीने गेलो, तिकिटं अगदी स्वस्त, पण परतीची गाडी चुकली तर पुढची बऱ्याच वेळाने आहे हे लक्षात ठेवा.

आता इथे येणारं पाणी नव्या मुठा उजव्या कालव्याचं. तो इंदापूरपर्यंत जातो, २०२ किलोमीटर. मुख्य कालव्यातून वितरिका, वितरिकेतून चारी, चारीतून शेतचारी. पाणी हवं असेल तर शेतकऱ्याने सात नंबरचा अर्ज भरायचा, मग पाळी ठरते. पाळी रात्री आली तरी दारं धरायला जावंच लागतं. मामांनी मुलांना पहाटे पाचला उठवून नेलं. थंडीत, चिखलात, बॅटरी घेऊन. फावड्याने एक दंड (शेतातली पाण्याची वाट) बंद करायचा, दुसरा फोडायचा. मुलांना हे सगळ्या प्रकल्पातलं सर्वांत मोठं धाडस वाटलं. मामी म्हणाल्या, "आम्हाला रोजचं आहे, आम्हाला कुणी फोटो काढायला येत नाही."

पाटकऱ्यांशी, म्हणजे कालव्याचं पाणी वाटून देणाऱ्या माणसाशी, बोलणं झालं. त्यांनी सांगितलं की वरचे लोक जास्त ओढतात आणि टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्यापर्यंत धार पोचत नाही, म्हणून पाणी टेलकडून हेडकडे द्यायचा नियम आहे. तो पाळला जातो का, यावर ते फक्त हसले.

मग मोजणी. मुख्य कालव्यात नाही, मामांच्या गुडघाभर शेतचारीत. दहा मीटरवर दोन काठ्या रोवल्या आणि तरंगणारी वस्तू सोडून वेळ मोजला. थर्मोकोलचा तुकडा वाऱ्याने काठाला लागला. वाळकं पान गवतात अडकलं. संत्रं चाललं: ते बरंचसं पाण्यात बुडून राहतं, त्यामुळे वारा त्याला ढकलू शकत नाही. सरासरी ३१ सेकंद. चारीची रुंदी ५० सेंटिमीटर, खोली २२. पृष्ठभागावरचं पाणी तळाच्या पाण्यापेक्षा जोरात जातं, म्हणून आलेला वेग ०.८५ ने गुणायचा. उत्तर सेकंदाला सुमारे ३० लिटर. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, २८.३ लिटर, तेव्हा आमची चारी एका क्युसेकपेक्षा जराशी जास्त. मामा म्हणाले, "मग, क्युसेकचीच आहे ती!" आम्हाला बक्षीस मिळाल्यासारखं झालं.

इथे धाकट्याचा खडकवासल्याचा प्रश्न सुटला. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. मामांच्या चारीएवढी धार, एक क्युसेक, अखंड सोडली तर १.९७ टीएमसी संपायला किती दिवस? भाचीने बांधावर बसून हिशेब केला: ६२ वर्षं आणि वर काही महिने, बाष्पीभवन धरलं नाही तर. धाकटा म्हणाला, "म्हणजे आजी लहान होती तेव्हापासून." जवळपास.

दुपारी मातीचा राहिलेला प्रश्न घेतला. शेताच्या कोपऱ्यात, काळ्या मातीत पुन्हा छोटा कालवा. या वेळी चरात पाणी ओतून मुलांनी अनवाणी पायांनी चिखल तुडवला, तासभर, मग सुकू दिला. संध्याकाळी बादली सोडली आणि बरंचसं पाणी दुसऱ्या टोकाला पोचलं. प्लास्टिकशिवाय. सकाळपर्यंत मात्र त्याला भेगा पडल्या. काळी माती ओली असताना फुगते आणि वाळली की आकसते, म्हणून तिचा कालवा कोरडा ठेवला की फुटतो. मामांनी मुरूम मिसळायला सांगितलं. वेळ उरला नव्हता, ते करून बघायचं राहिलं.

घरी येताना गुऱ्हाळावर थांबलो. काकवी घेतली, गाडीत सांडली.

रविवार, ११ जानेवारी. पट्टी-नकाशा आणि खर्च

सगळं एका जागी मांडायला आधी मोठा तक्ता घेतला होता. त्यावर कालवा चार इंचांत संपला आणि बाकी सगळा कागद रिकामा. कालवा लांब आणि अरुंद आहे, त्याला कागदही तसाच हवा. मग बिलं छापायच्या कागदाचा रोल आणला, ४५ रुपये, आणि तो दिवाणखान्याच्या भिंतीभर लावला. डावीकडे खडकवासला, उजवीकडे यवत. वर डोंगराची बाजू, खाली नदीची. लाल टिकली जिथे, तिथे चित्र. या कागदावर स्केचपेन पुसट होतं आणि ऊन लागलं की कागद काळवंडतो, हे आठवडाभराने कळलं. तुम्ही साध्या कागदाच्या पट्ट्या चिकटवून घ्या.

खर्च: नकाशे १४० आणि आधीची वाया गेलेली छपाई ४०, नळी १६०, रोल ४५, ती एक रिक्षा १८०. खाण्यापिण्याचे वेगळे, आणि ते या सगळ्याहून जास्त.

खडकवासल्यापासून फुरसुंगीपर्यंत बोगद्यातून पाणी न्यायची योजना आहे. ती झाली की शहरातल्या उघड्या कालव्याचं काय होईल, यावर रोलच्या खाली थोरलीने कोरी जागा सोडली आहे. भाचीचं म्हणणं आहे की तिथे सायकलींचा रस्ता होईल, डाव्या कालव्यासारखा. आजीचं म्हणणं वेगळं आहे आणि ते छापण्यासारखं नाही.

हडपसरच्या पुढच्या टिकल्या अजून बघायच्या आहेत. उन्हाळी आवर्तनाची तारीख लागली की मामा फोन करणार. मुरूम त्यांनी आणून ठेवला आहे.